सेफ्टी टाकी

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

ही डायरी अनुजानं पुण्याहून पाठवली. सोबत चार पुस्तकं आणि फोनवरून सूचना: "बाबा, संध्याकाळी टीव्हीवरची भांडणं बघायची बंद करा. तुमचं बीपी त्यानंच वाढतं. ही पुस्तकं वाचा आणि काय वाटलं ते लिहून काढा." मुलगी बँकेत आहे, पण बोलते डॉक्टरासारखी.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट, व्यवसाय असे रकाने होते. भरले. नाव हंबीरराव. व्यवसाय निवृत्त भूकरमापक. तेहतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. सध्या आमच्या बारा फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी. हे पद कुणाला नको होतं, म्हणून माझ्याकडं आलं.

योगायोगानं सोसायटीत आजच वाचन मंडळ सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या क्रांती मॅडम कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात, त्यांची कल्पना. नियम एकच: कथा-कादंबरी नाही. खरं घडलेलं, अभ्यास करून लिहिलेलं तेवढंच वाचायचं आणि दर मंगळवारी त्यावर बोलायचं. "समाज वरून दिसतो तसा नसतो. त्याच्या पोटात काय आहे ते कळायला हवं," असं मॅडम म्हणाल्या. मला पटलं. जमिनीचंही तसंच असतं.

सभासद चार. मॅडम, मी, सोसायटीचे चेअरमन धैर्यशील वकील, आणि तळमजल्यावरचे शमशुद्दीनभाई. शमशुद्दीनभाई आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक शिकवून निवृत्त झालेत. शालूबाईला, म्हणजे बायकोला, मी ये म्हटलं.

"वाचून काय करणार हाय तुम्ही?" तिनं विचारलं.

"समाज समजून घेणार."

"बरं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

पहिलं पुस्तक उपासमारीवर होतं. लांबच्या राज्यातल्या मुलांबद्दल. मी पट्टी लावून खुणा करतो. चौथ्या प्रकरणात डोळे भरून आले आणि पट्टी असूनही रेघ वाकडी गेली. वकिलांनी पाऊण तास मांडणी केली. शमशुद्दीनभाई म्हणाले की त्यांना वाचल्यापासून जेवण जाईना झालंय. चर्चा सखोल झाली. नंतर मॅडमनी कांदाभजी केली होती. भजी उत्तम. एक प्लेट उरली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

मागच्या बाजूला वास येतो अशी तिसऱ्या मजल्यावरून तक्रार. जाऊन बघितलं. येतो. सेफ्टी टाकी भरली आहे. सगळे सेफ्टी म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द सेप्टिक, तो सडण्यावरून आलाय असं अनुजानं मागं सांगितलं होतं. सेफ्टीच बरं वाटतं.

आमच्याकडं रंकाळ्याच्या या अंगाला अजून ड्रेनेज लाइन आलेली नाही. बारा घरांचं सगळं त्या टाकीत जातं. मैला उपसायची गाडी रस्त्यावर थांबते, तिचा पाईप मागपर्यंत कसाबसा पोचतो, पण तळातला घट्ट गाळ ओढत नाही. इमारतीच्या बाजूनं गाडी आत न्यायला दहा फुटांची वाट आहे. तिथं धैर्यशील वकिलांचं गॅरेज थोडं पुढं आलंय. म्हणून मागच्या वेळी, २०२१ साली, माणूस उतरवून टाकी काढली होती.

चेअरमनना विचारलं. "त्यालाच बोलवा की," म्हणाले.

नंबर फोनमध्ये सापडला. "टाकी" या नावानं होता.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मॅडमनी नवं पुस्तक दिलं. गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून काम करणाऱ्या माणसांवर आहे. पुढच्या मंगळवारी चर्चा. दुपारी जेवणानंतर साठ पानं वाचली आणि झोपायचं राहिलं.

टाकीतल्या गॅसबद्दल एक परिच्छेद आहे. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो. गॅस फार वाढला की वास येणंच थांबतं, कारण नाक काम करेनासं होतं. आतल्या माणसाला वाटतं हवा सुधारली. मग तो पडतो. वर उभा असलेला त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. म्हणून अशा बातम्यांत माणसं जोडीनं असतात. हे सगळं पट्टी लावून अधोरेखित केलं. समासात "भयंकर" लिहिलं.

देशात अजून हे चालतं यावर विश्वास बसत नाही. कोल्हापूरचा उल्लेख कुठं आला नाही. आपल्याकडं शाहू महाराजांची परंपरा आहे.

संध्याकाळी टाकीवाल्याला फोन लावला. गुरुवारी बघायला येतो म्हणाला. नाव आकाराम.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आकाराम आला. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळकाच. जमिनीच्या कामात समोरच्याला पहिल्यांदा आडनाव विचारायची माझी सवय आहे. याला विचारलं नाही. शालूबाईनं चहा दिला. आम्हाला कपात आणि त्याला कागदी पेल्यात. असे पेले घरात असतात, वाढदिवसाचे उरलेले.

त्यानं झाकण उचललं, काडी घालून बघितली. "तळाला दगड झालाय. उतरायलाच लागतंय. आयतवारी करतो. मेव्हणा येतोय संगं, गुंडू."

मी म्हटलं, "मागच्या वेळी कोण होतं तुझ्याबरोबर?"

"गुंडूचा थोरला भाऊ. तुम्हीच वरनं बॅटरी धरली हुतीसा की आमाला."

मला आठवेना. मग आठवलं. बॅटरी माझीच होती, खात्याची, लांब दांड्याची. आत अंधार होता म्हणून धरली होती.

"तो येत नाही का आता?"

"गेला."

"कुठं?"

आकारामनं माझ्याकडं बघितलं. "एका हाटेलाच्या टाकीत," म्हणाला.

मी विचारत होतो तो कामाला कुठल्या गावाला गेला. मग चहा संपला म्हणून तो उठला.

शालूबाईला सांगितलं. तिनं कप विसळायला नेले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पुस्तक पुढं वाचलं. माणसाला साधनांशिवाय अशा टाकीत उतरवायला २०१३ सालापासून कायद्यानं बंदी आहे. उतरवणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. उतरवणारा म्हणजे काम सांगणारा. आमच्याकडं काम सेक्रेटरी सांगतो.

अनुजा म्हणाली होती खरं लिहा. खरं असं की आधी पोलिसांची भीती वाटली. आकाराम आत पडेल ही भीती नंतर वाटली. मधे साधारण दहा मिनिटं गेली असतील.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आधी वकिलांकडं गेलो. ते म्हणाले, "हंबीरराव, पुस्तक मी पण वाचलंय. चांगलं आहे. मंगळवारी बोलूच त्यावर."

"टाकी उद्या आहे."

"मग उद्या टाकी आणि मंगळवारी पुस्तक. आपण त्याला धरून उतरवत नाही. तो त्याच्या खुशीनं उतरतो. पाहिजे तर तसं लिहून घेऊ."

मग मॅडमकडं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. एका सोसायटीनं थांबवून काय होणार? व्यवस्थाच बदलायला हवी." मग म्हणाल्या की सोमवारी त्यांच्याकडं सांगलीचे पाहुणे येणार आहेत आणि संडासातलं पाणी आत्ताच हळू जातंय.

रात्री आकारामला दोनदा फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा मी रिंग पुरी होऊ दिली नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो.

सकाळी सातला आकाराम आणि गुंडू आले. गुंडू तिशीचा, बोलत नाही. दोन पहारी, तीन बादल्या, दोरखंड. दोघांनी थोडी घेतली होती. ती घेतल्याशिवाय आत उतरवत नाही, असं मागच्या खेपेला आकारामनं सांगितलं होतं. हे मला परवापासून आठवायला लागलंय.

रात्री झोप नव्हती. काय करायचं ते ठरलं नव्हतं. पार्किंगमधून वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची उचलली, टाकीच्या झाकणावर ठेवली आणि बसलो. ठरवून केलं असं म्हणता येणार नाही.

"उठा की सायेब. झाकण काढायचंय," आकाराम म्हणाला.

"काढू नको. आज काम नाही."

"का वं? कोण मेलंय काय?"

"अजून नाही."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तो हसला. मी हसलो नाही म्हटल्यावर थांबला.

"आत गॅस असतो," मी म्हटलं.

"मला सांगताय?"

"पुस्तकात सगळं दिलंय."

"तुमच्या पुस्तकात हाय गॅस. माझ्या घरातला परवा संपलाय. उठा."

मी उठलो नाही. आता गॅलऱ्यांमधून माणसं बघायला लागली होती. कुणीतरी वरून विचारलं काय झालंय, कुणीतरी सांगितलं सेक्रेटरींना चक्कर आली. तेवढ्यात पलीकडं पहारीचा आवाज आला. गुंडू दुसरं झाकण काढत होता. टाकीला दोन झाकणं आहेत. सोसायटीच्या नकाशावर ती मीच दाखवली आहेत, पण बसताना लक्षात आलं नाही.

मला दोन्हीकडं बसता येईना.

तेवढ्यात शालूबाई खाली आली. मला वर न्यायला आली असं वाटलं. हातात स्वयंपाकघरातलं स्टूल होतं. ते तिनं गुंडूच्या पहारीशेजारी दुसऱ्या झाकणावर ठेवलं आणि त्यावर बसली. पदर खोचला, हात मांडीवर ठेवले.

धैर्यशील वकील ट्रॅकसूटमध्ये आले. "वहिनी, तुम्ही पण? हंबीरराव, हे काय आंदोलन लावलंय?"

"कायद्यानं..." मी म्हटलं.

"कायदा मला शिकवू नका. हा माणूस खुशीनं उतरतोय. काय रे, खुशीनं ना?"

"व्हय की," आकाराम म्हणाला. "लिहून पायजे तर लिहून देतो. द्या कागद."

इथं मी गडबडलो. ज्याच्यासाठी बसलो होतो तोच माझ्याविरुद्ध कागद मागत होता. पुस्तकात हा भाग नाही.

शालूबाई गुंडूला म्हणाली, "तुझा भाऊ खुशीनंच उतरला हुता का रं?"

वकील काहीतरी म्हणत होते, ते थांबले. गुंडूनं बहिणीच्या नवऱ्याकडं बघितलं. मग पहार भिंतीला टेकवून ठेवली आणि लांब जाऊन उकिडवा बसला.

यानंतर काम होणार नाही हे आकारामला कळलं. त्यानं दोरखंड गुंडाळायला घेतला. घाई केली नाही. दोघांची आजची मजुरी मी दिली. घेतली, पण खूश झाला नाही. जाताना म्हणाला, "आज तुमच्यात न्हाय, तर उद्या दुसऱ्याच्यात उतरायचंच हाय मला. तिकडं येणार हाय का खुर्ची घिऊन?"

मी खुर्ची उचलून पार्किंगमध्ये परत ठेवली.

दुपारी जेवताना शालूबाईला विचारलं, तू का आलीस. तिनं आधी मला आमटी वाढली.

"मागल्या खेपंला मी खिडकीतनं बघत हुते," ती म्हणाली. "ह्यो माणूस छातीपतोर आत हुता. तुम्ही वर उभं, बॅटरी धरून. भाईर आला आणि भिंतीला धरून वकायला लागला. मला ते कळायला काय पुस्तक लागलं न्हाय."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"तुम्ही इचारलं व्हय?"

आमटी तिखट झाली होती. सांगितलं नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर माझ्याबद्दल एकतीस मेसेज. त्यांतले चार चांगले, पैकी दोन शमशुद्दीनभाईंचे.

शमशुद्दीनभाई सकाळी आले. म्हणाले, "नुसतं बसून भागत नाही हंबीरराव. टाकी भरलेलीच हाय." ते रस्त्यावरच्या मैलागाडीवाल्याला ओळखतात, त्याचं इंजिन त्यांच्या एका विद्यार्थ्यानं बांधलंय. गाडी टाकीजवळ आली तर आधी पाण्याच्या जोरानं गाळ फोडायचा आणि मग ओढायचा. माणूस उतरवायची गरज नाही.

"गाडीची रुंदी किती?" मी विचारलं.

"साडेसात फूट. बाजूची वाट?"

"दहा होती. गॅरेज पुढं आल्यावर सव्वासात."

त्यांनी हिशेब केला. "म्हंजे तीन इंचाला आपण माणूस उतरवतोय व्हय?"

मोजायला गेलो नव्हतो. आकडा पाठ होता. २०१६ साली गॅरेज बांधलं तेव्हा संध्याकाळी कुणी नसताना मी फीत लावून बघितलं होतं. पावणेतीन फूट अतिक्रमण. तेहतीस वर्षांत मी कुणाचं अर्ध्या फुटाचं सोडलं नाही. इथं सोडलं. रोज येता-जाता भेटणारा माणूस, त्यात वकील. आणि वाटेला कुणाचं काय अडलंय, असं तेव्हा वाटलं.

दुपारी बाजूच्या वाटेचा नकाशा काढला, स्केलप्रमाणं. अतिक्रमण लाल शाईत. खाली लिहिलं: "सदर मोजमाप २०१६ साली केले होते. तेव्हा कळवले नाही. हंबीरराव, सेक्रेटरी." लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावला.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी नकाशा फळ्यावर नव्हता. दुसरी प्रत लावली. सर्व्हे खात्यात तीन प्रती काढायची सवय लागते.

संध्याकाळी मंडळ. टाक्यांच्या पुस्तकावर चर्चा व्हायची होती. एकूण वातावरण बघता ते पुस्तक पुढं ढकलू, असं मॅडम म्हणाल्या. त्याऐवजी हिमनद्या वितळण्यावरचं एक प्रकरण वाचलं. हिमनद्यांवर सर्वांचं एकमत झालं. धैर्यशील वकील माझ्याशी बोलले नाहीत, पण हिमनद्यांबद्दल माझ्या दिशेनं मान हलवली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिण्यासारखं काही नाही. वास आहे. मॅडमचे पाहुणे सोमवारी आले आणि सोमवारीच गेले. तिसऱ्या मजल्यावरचं एक कुटुंब गारगोटीला सासुरवाडीत राहायला गेलं. लोक जिन्यात मला वाट देतात, म्हणजे मी आलो की बोलणं थांबवून भिंतीला टेकतात.

आकारामला फोन करून दुसऱ्या कुणाच्या टाकीतही उतरू नको असं सांगावं, असं रोज वाटतं. मग त्याऐवजी काय कर हे सांगावं लागेल. ते ठाऊक नाही, म्हणून फोन केला नाही.

आज पहाटे तळमजल्याच्या बाथरूममध्ये टाकीचं पाणी उलटं आलं. शमशुद्दीनभाईंकडं थोडं. त्यांच्या समोरच्या धैर्यशील वकिलांकडं जास्त, त्यांचं बाथरूम उताराला आहे.

शनिवार, १ मार्च

सकाळी आठला दोन गवंडी आले. दुपारपर्यंत गॅरेजची बाजूची भिंत उतरवली. वकील स्वतः उभे राहून दाखवत होते. मी खाली गेलो.

"किती लागेल?" त्यांनी विचारलं. आठवड्यातलं पहिलं वाक्य.

"तीन इंच पुरतील."

"सगळीच काढतो," म्हणाले. "अर्धवट काम मला आवडत नाही."

सोमवार, ३ मार्च

गाडी आली. निळी, मागं मोठी गोल टाकी. वाटेनं सरळ आत गेली, दोन्ही बाजूंना जागा उरली. शमशुद्दीनभाई चालकाशेजारी उभे होते. पाण्याच्या जोरानं गाळ फुटला, पाईपानं ओढला. गाडीला दोन खेपा झाल्या. टाकीत कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही. सगळं मिळून दीड तास.

बारा घरांतून फ्लशचे आवाज आले. चांगला दिवस. गाडी भरून गेली आणि प्रश्न सुटला. अनुजाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, यू आर ग्रेट." बीपी तपासलं, नॉर्मल.

मंगळवार, ४ मार्च

मंडळात अखेर टाक्यांच्या पुस्तकावर चर्चा झाली. वातावरण आता बरं होतं. धैर्यशील वकिलांनी विषय मांडला. वाचनातून माणूस कसा बदलतो आणि प्रसंगी स्वतःच्या मालमत्तेवर कसा हातोडा मारतो, यावर ते बोलले. म्हणजे पुस्तक वाचून त्यांनी भिंत काढली असं झालं. शमशुद्दीनभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी पुस्तकाकडं बघितलं. भिंत निघाली हे महत्त्वाचं. पण घरी आल्यावर बराच वेळ बरं वाटलं नाही.

मॅडम म्हणाल्या, आपली सोसायटी इतरांना आदर्श ठरेल, यावर वर्तमानपत्रात लिहायला हवं. टाळ्या झाल्या. शालूबाईचं नाव कुणी घेतलं नाही. मी पण घेतलं नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

गुरुवार, ६ मार्च

संध्याकाळी आकाराम आला. फाटकाबाहेरच उभा होता. मला वाटलं गाडीनं काम झाल्याचं त्याला कळलं असेल. सांगायलाच लागलो: गाडी कशी आली, गाळ कसा फुटला, आता इतर सोसायट्यांना पण सांगतोय. आणि गाडीवाल्याला टाक्यांची माहिती असलेला माणूस लागतो, पाईप धरायला, वर उभं राहून. शमशुद्दीनभाईंनी गुंडूचं नाव सुचवलंय.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"गुंडू गेला कामावर. कालपास्नं," तो म्हणाला. "बरं झालं ते. मी त्याच्यासाठनं न्हाय आलो. सोमवारी निळी गाडी आली हुती ती तुमचीच न्हवं?"

"हो."

"दोन खेपा?"

"दोन. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बघितल्या. आमच्या वस्तीच्या मागं वतल्या. वढ्यात."

मी म्हटलं असं होणार नाही, ते प्रक्रिया केंद्रावर नेत असतील. नेतात का हे मला माहीत नव्हतं. नेत असतील असं वाटलं.

"गुंडू आता त्या गाडीवर हाय की," आकाराम म्हणाला. "तो काय खोटं सांगंल? लांब न्यायला डिझेल जातंय. पयलं बी वतायचे, पण एवढं न्हाय. आता कामं वाढली म्हनं."

आवाज चढवला नाही. भांडायला आला नव्हता. मी विचारलं, मग काय करायला आलात.

"सांगायला. तुम्ही वाचताय म्हणून. म्हटलं हे बी ठावं असावं."

आत चला म्हटलं. नको म्हणाला, उशीर झालाय.

शालूबाई मागं उभी होती. तो गेल्यावर मी तिला म्हटलं, आता काय करायचं. मी तिला हे विचारलं असं लग्नानंतर बहुतेक पहिल्यांदाच झालं असेल. ती म्हणाली, "जाऊन बघा आधी. मी बी येते."

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी मी, शालूबाई आणि शमशुद्दीनभाई गेलो. सोसायटीपासून चालत अठरा मिनिटं. मी मॅडमना विचारलं होतं, त्यांचं लेक्चर होतं. वकिलांना विचारलं नाही.

आकाराम वस्तीच्या तोंडाशी थांबला होता. पुढं झाला. घरांच्या मधून वाट दोन माणसांची. शालूबाईला तिथल्या बायकांनी बसायला पोतं दिलं, ती तिथंच बसली आणि बोलायला लागली. आम्ही मागं गेलो. ओढ्याच्या काठावर गाडीच्या चाकांचे खोल चर होते. पाणी काळं, जागच्या जागी. काठावरचं गवत एका पट्ट्यात पांढरं पडलेलं. पलीकडं हातपंप. शमशुद्दीनभाईंनी रुमाल नाकाला लावला, मग आजूबाजूला बघितलं आणि खिशात ठेवला.

या भागाची मोजणी ९८ साली मी केली होती. घरून निघताना जुना नकाशा घेतला होता, माझी स्वतःची प्रत. उघडून बघितला. ओढा आहे, प्रत्येक वळणासकट, उत्तम काढलाय. वस्ती नाही.

"तेव्हा ही घरं नव्हती का?" मी विचारलं.

"मी हितंच जलमलोय," आकाराम म्हणाला. "तुम्ही मोजायला आला हुता तवा आमच्या म्हातारीनं तुमाला पाणी दिलं असंल."

मला आठवत नाही. कच्ची बांधकामं मी तेव्हा नकाशावर घेत नसे. कुणी विचारलं नाही आणि वेळ वाचायचा.

पिशवीतून फीत काढली. शंभर फुटी, कापडी, अजून चांगली आहे. दुसरं टोक धरायला माणूस लागतो. शमशुद्दीनभाई वही घेऊन उभे राहिले, टोक आकारामनं धरलं.

"हे काय करताय?"

"गाडी ओतते ती जागा आणि घरं. अंतर घेतो. अर्जासोबत नकाशा लागतो, नाहीतर म्हणतात इथं कुणी राहत नाही."

"अर्ज कुणाला?"

"महापालिकेला, प्रदूषणवाल्यांना. आणि मंगळवारी मंडळात ठेवतो."

"मंडळात कशाला?" आकाराम म्हणाला. "त्येंचं वाचून झालंय न्हवं सगळं."

शमशुद्दीनभाई वहीत काहीतरी लिहायला लागले. अजून लिहिण्यासारखं काही झालं नव्हतं. मी म्हटलं, फीत जरा ताणून धरा. त्यानं ताणून धरली आणि उंबऱ्याला लावली.

पहिलं घर, आकारामचं. ओढ्यापासून अकरा फूट चार इंच. एकूण त्रेचाळीस घरं. बारा वाजेपर्यंत एकोणीस झाली.